मदत हवी आहे: बासला कुठल्या तारा टाकू आणि ही स्पॉन्सरची ऑफर घेऊ का? (सोलापूर)

खर्ज_सोलापूर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. एप्रिलात भीमजयंतीचे कार्यक्रम लागोपाठ आहेत, त्यातच लग्नसराई. तारा टिकत नाहीत. नवा सेट टाकला की बाकीच्या तीन तारा बऱ्या वाजतात, पण सगळ्यात जाड तार पहिल्यापासूनच मेल्यासारखी. सूर लागतो पण टिकत नाही, नुसता धप्प आवाज. परवा तर तीच तार वरच्या बाजूला उसवली आणि निम्मा कार्यक्रम तीन तारांवर काढावा लागला.

दुसरं म्हणजे, तारा बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचा मेसेज आलाय. इन्स्टावरचे व्हिडिओ बघितले म्हणे, आर्टिस्ट म्हणून घेतो म्हणतात. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

प्रश्न दोनच. कुठल्या तारा टाकू? ऑफर घेऊ का? अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज.

जुळेसोलापूरकर
बास कुठला? ४ तारी का ५? सध्या कुठल्या तारा आहेत? ऑफरमध्ये नक्की काय देणार आहेत? हे कळल्याशिवाय काय सांगणार भाऊ.

जुना_वाजंत्री
फ्लॅटवाउंड टाका. बाकी काही विचारू नका. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते, तिच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, म्हणून ती लवकर मरते. फ्लॅटवर पट्टी गुंडाळलेली असते, खाचच नाही. बासवादक जेम्स जेमर्सननं अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीची एवढी गाणी वाजवली ती फ्लॅटवाउंडवर, आणि तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. मी स्वतः वर्षानुवर्षं एकाच सेटवर वाजवतोय. जुनी हिंदी गाणी, कव्वाली, लावणी, सगळ्याला तोच गोल आवाज लागतो.

स्लॅप_पुणे
काका, आदर ठेवून सांगतो, आजच्या ऑर्केस्ट्रात फ्लॅट चालत नाही. समोर ऑक्टापॅड, दोन कीबोर्ड आणि ढोलकी असताना फ्लॅटचा आवाज खाली गाडला जातो. स्टील राउंडवाउंड हवी. रोटोसाउंडची स्विंग बास ६६ बघ, ४५-१०५ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). 'द हू' बँडचा बासवादक जॉन एंटविसल याच्याबरोबर बसून साठच्या दशकात बनवलेली तार आहे ती. पियानोसारखी खणखणीत.

जुना_वाजंत्री
आणि वर्षभरात फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून जातात ते? स्टेनलेस स्टील कडक असतं. फ्रेट बदलायला पुण्याला जावं लागतं, तो खर्च कोण देणार?

स्लॅप_पुणे
मग निकेल प्लेटेड घ्या, मधला मार्ग. पण फ्लॅट नको.

की_बोर्ड_वाला
माझं मत वेगळं आहे. छोट्या कार्यक्रमांना बास गिटारची गरजच नाही. कीबोर्ड स्प्लिट करून डाव्या हातानं बास वाजवता येतो. तार नाही, घाम नाही, ट्यूनिंग नाही. आमच्या पार्टीत तसंच चालतं आणि एक माणूस वाचतो.

खर्ज_सोलापूर
मी तोच वाचणारा माणूस आहे सर. कृपया विषयावर बोला.

४ तारी आहे. तारा आपल्या नवी पेठेतल्या दुकानात मिळतात त्या, ४५-१००, निकेल. ऑफर अशी आहे: सेटची किंमत १,८००, मला निम्म्या किमतीत ९०० ला. करार एक वर्षाचा. १२ सेट सुरुवातीला एकदम घ्यायचे. महिन्याला दोन रील टाकायच्या. त्यांच्या पानावर माझा फोटो आणि नाव, शहरासकट.

पूर्वभाग
घेऊन टाक बे! विचार काय करतोस. मुंबई-पुण्याच्या पोरांना मिळतं हे, सोलापुरात कोणाला विचारतं कोण? हुतात्मा स्मृती मंदिरात एवढे कार्यक्रम होतात, पोस्टरवर गायकाचं नाव, निवेदकाचं नाव. बासवाल्याचं कधी बघितलंस का? कंपनीच्या पानावर 'सोलापूर' लिहून येणार, ही लहान गोष्ट नाही.

हिशेबनीस
गणित मांडा. ९०० गुणिले १२ म्हणजे १०,८०० रुपये तुम्ही आज कंपनीला देणार. त्यावर वर्षभरात २४ रील, शूटिंग, एडिटिंग तुमचं. कंपनी तुम्हाला काय देणार? सवलत. तीसुद्धा तिनंच ठरवलेल्या किमतीवर. बाजारात तो सेट १,८०० ला विकला जातो का, हे आधी तपासा. कुठं ऑनलाइन १,१०० ला मिळत असेल तर तुमची खरी बचत सेटमागे २०० रुपये.

आणखी दोन गोष्टी. कंपन्यांकडून मिळालेल्या फुकट वस्तूंवर कलम १९४आर खाली १० टक्के टीडीएस १ जुलै २०२२ पासून लागू झाला, वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेलं तर. विक्रीतली सवलत त्यात धरत नाहीत, त्यामुळे तुम्हाला सध्या त्याची काळजी नाही. पण रीलवर कंपनीशी संबंध आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ पासून आहेत आणि सवलत किंवा फुकट वस्तू घेतली तरी ते लागतात.

पूर्वभाग
सगळं पैशात मोजायचं नसतं की हो. पोराला नाव मिळतंय.

हिशेबनीस
नाव जरूर मिळावं. त्याच्या वादनावर ते मिळतंय, ते त्यानं स्वतः पैसे भरून घेऊ नये एवढंच माझं म्हणणं. खरी स्पॉन्सरशिप असते तिथं एकतर तारा फुकट येतात किंवा आर्टिस्टच्या भावात लागेल तेव्हा लागेल तेवढा सेट मागवता येतो. आगाऊ साठा घ्यायला लावणं हे डीलरशी करायचं बोलणं.

सात_रस्ता
मी तर तारा उकळतो. पातेल्यात दहा मिनिटं, पुसून परत लावतो. नव्यासारख्या वाजतात. कशाला नवे सेट नि कशाला स्पॉन्सर.

स्लॅप_पुणे
एक संध्याकाळ वाजतात, दुसऱ्या दिवशी परत मेलेल्या. पाणी आत राहून गंज धरतो तो वेगळाच. त्यापेक्षा स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवायच्या, पाइपचा तुकडा घेऊन एक टोक बंद करायचं. मळ निघतो आणि स्पिरिट उडून जातं. गॅसपासून लांब ठेवा फक्त.

सात_रस्ता
मला तर काही गंज दिसला नाही आजवर.

जुना_वाजंत्री
फ्लॅट घेतली की यातलं काहीच करावं लागत नाही.

नवशिक्या_अक्कलकोट
मंडळी, माझ्याकडे अकूस्टिक गिटार आहे. त्याला ब्राँझ घ्यावी का फॉस्फर ब्राँझ?

मिरजकर
मी दुरुस्तीचं काम करतो. मूळ काम सतार-तंबोऱ्याचं, पण आता गिटारही बऱ्याच येतात. धाग्यात सगळ्यांनी घामावर बोट ठेवलंय, पण घामानं मेली तर चारही तारा मरतात. इथं एकच तार मरतेय, तीही नवी असल्यापासून. तेव्हा तारेचा ब्रँड सोडा आणि मला दोन गोष्टी सांगा. एक, ती तार नेमकी कुठं उसवली? दोन, तारेच्या शेवटी रंगीत धागा गुंडाळलेला असतो. तार बसवल्यावर तो धागा कुठं येतो? नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) पुढं, पेगवर (तार गुंडाळायची खुंटी), का कापून टाकता?

खर्ज_सोलापूर
पेगवरच उसवली. वरची गुंडाळी सैल होऊन आतली तार दिसायला लागली. धागा कापूनच टाकतो, तार फार लांब येते, धाग्यापर्यंत गुंडाळायला पेगवर जागाच नसते. सगळ्यांचं तसंच असतं ना?

मिरजकर
नाही. मोजपट्टी घ्या. नटपासून १२ व्या फ्रेटपर्यंत किती इंच भरतात ते मोजा आणि इथं टाका. त्याची दुप्पट म्हणजे तुमच्या बासचं स्केल, नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी.

जुळेसोलापूरकर
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, बास कुठला म्हणून.

खर्ज_सोलापूर
१५ इंच बरोबर. बास लहान आहे, गाडीवर पाठीला लावून नेता यावा म्हणून घेतला होता. मोठ्याचा आणि लहानाचा तारेशी काय संबंध?

मिरजकर
सगळा संबंध तिथंच आहे. तुमचा बास ३० इंची, शॉर्ट स्केल. दुकानात सहसा मिळतात त्या तारा ३४ इंचाच्या, लाँग स्केल. लाँग स्केलची तार लावली की धाग्याच्या आधीचा जाड भाग पेगवर येतो. आतली गाभ्याची तार आणि वर गुंडाळलेली तार अशी ती रचना असते. बारीक तारा हे सहन करतात. ई ची, म्हणजे सगळ्यात जाड तार एवढ्याशा पेगभोवती वाकवली की गुंडाळीला ताण बसून ती उघडते.

आता कापण्याचं. तुम्ही आधी कापून मग पेगच्या भोकात घालत असणार. धागा गेला, टोक मोकळं झालं की गुंडाळी गाभ्यावरून सरकायला लागते. एकदा आतून सैल झाली की तार कंप धरून ठेवत नाही, तुम्ही लिहिलंय तसा धप्प आवाज येतो. मेलेली तार काढून दोन बोटांत धरून पिळून बघा, वरची गुंडाळी किंचित फिरल्यासारखी लागते. म्हणून कापायच्या जागेपासून दोन बोटं अलीकडे पक्कडीनं तारेला काटकोनात वाकवायचं, कोपरा नीट बसला की त्याच्या पुढं कापायचं. वाकवलेला कोपरा गुंडाळीला धरून ठेवतो.

हा झाला तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे पाकिटावर 'शॉर्ट स्केल' लिहिलेला सेट. डॅडारिओच्या ईएक्सएल १७० चा ४५-१०० चाच शॉर्ट सेट येतो, त्याच्या नंबरामागे एस असतो.

खर्ज_सोलापूर
आत्ता काढलेली जुनी ई पिळून बघितली. फिरतेय. सर, खूप आभार. मग गेजचं, म्हणजे जाडीचं काय, ४५-१०० च ठेवू?

मिरजकर
त्याच सुराला तीच जाडी ३० इंचावर लावली तर ताण ३४ च्या मानानं सुमारे २२ टक्के कमी पडतो. म्हणून ई ढिली लागते, जोरात वाजवली की फ्रेटवर खडखडते. ४५-१०५ मिळाला तर घ्या. जाड ई नटच्या खाचेत नीट बसतेय का बघा. नाही बसली तर खाच थोडी मोठी करावी लागेल, ते कानशीनं घरी करू नका, कारागिराकडे न्या. आठवड्यानं मानेचा बाक बघून घ्या. ट्रस रॉड (बाक कमीजास्त करायची मानेतली सळई) फिरवायचाच झाला तर पाव फेरा, जास्त नाही.

स्लॅप_पुणे
मिरजकर, तुमचं एकदम मान्य. तरी घामाचा मुद्दा सोडू नका. सोलापूरचं एप्रिल-मे म्हणजे पारा ४२ च्या वर, संध्याकाळी सातला स्टेजवर उभं राहिलं तरी हात ओला. कार्यक्रम संपला की तारा सुती फडक्यानं खालूनवरून पुसा, खालची बाजूसुद्धा. तारेखाली फडकं घालून नटपासून ब्रिजपर्यंत ओढायचं. सेटचं आयुष्य नक्की वाढतं.

हिशेबनीस
मग आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ती कंपनी शॉर्ट स्केल तारा बनवते का? आणि करारात 'स्टेजवर दुसऱ्या कोणाच्या तारा वापरायच्या नाहीत' असं कलम आहे का?

खर्ज_सोलापूर
आत्ताच विचारलं. फक्त लाँग स्केल बनवतात. 'पुढच्या वर्षी विचार करू' म्हणाले. आणि हो, दुसऱ्या तारा वापरायच्या नाहीत असं कलम आहे. करार महिनाभर आधी कळवलं नाही तर आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहणार, असंही आहे.

पूर्वभाग
मग नको बे. मी आधी म्हटलं होतं घे, पण वर्षभर तुझ्या बासला बसत नाहीत त्या तारा लावून वाजवणार आणि त्याच चांगल्या म्हणून रील टाकणार? तुझा आवाज ऐकून लोकांनी तुला ओळखलंय. तोच गेला तर पानावरच्या नावाचं काय करायचं.

जुना_वाजंत्री
शॉर्ट स्केलमध्येही फ्लॅटवाउंड मिळतात, हे लक्षात असू द्या.

खर्ज_सोलापूर
काका, एकदा नक्की लावून बघेन, भीमजयंतीनंतर.

कंपनीला असं पाठवतोय, बघा बरं: "आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. माझा बास ३० इंची आहे आणि आपल्या तारा ३४ इंचासाठी आहेत, म्हणून सध्या करार करता येणार नाही. आपण शॉर्ट स्केल सेट काढलात तर एक सेट तपासायला पाठवा. तो कार्यक्रमात वाजवून बघेन आणि पसंत पडला तर पुढं बोलू. आगाऊ साठा घेणं मला शक्य नाही."

हिशेबनीस
चांगलं आहे. 'पसंत पडला तर' च्या पुढं 'दुसऱ्या तारा न वापरण्याचं कलम वगळून' एवढं घाला.

खर्ज_सोलापूर
घातलं. पाठवलं. आता सेट कुठं मिळेल? नवी पेठेत विचारलं, शॉर्ट ठेवतच नाहीत म्हणाले. ऑनलाइन मागवला तर शनिवारच्या आत येत नाही.

जुळेसोलापूरकर
मी उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला चाललोय, संध्याकाळच्या गाडीनं परत. काय आणू ते नीट लिही.

खर्ज_सोलापूर
निकेल, राउंडवाउंड, ४ तारी, ४५-१०५. नसेल तर ४५-१००. पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलेलं बघूनच घ्या, दुकानदार 'कुठलीही बसते' म्हणाला तरी ऐकू नका. दोन सेट आणा, पैसे आत्ता पाठवतो. रात्री स्टेशनवर घ्यायला येतो.