मदत हवी आहे : 'हीरोक्वेस्ट' लहानग्यांना गोष्टीसारखा कसा खेळवू?

नमस्कार मंडळी. लेक सहा वर्षांची, भाचा पाचचा. दोघांना 'हीरोक्वेस्ट' या पटावरच्या साहसखेळातल्या बाहुल्या, दारं फार आवडतात, पण नियम झेपत नाहीत. म्हणून मी राक्षसांच्या बाजूने खेळणारा खलनायक न होता नुसती गोष्ट सांगते. घरं मोजणं बंद, "दार उघडलंत, आतून कसला आवाज येतोय?" असं विचारते. दोघं इतकं सुंदर रचून सांगतात! लढाईचा फासा ठेवलाय : सहापैकी तीन बाजूंवर कवटी, त्यामुळे निम्म्या वेळा वार लागतोच.

अडचण अशी, की भाच्याला जादूगारच हवा असतो. त्याचे प्राण चारच, रानटी योद्ध्याचे आठ. जादूगार पडला की भाचा हमसून रडतो. मरण्याऐवजी काय घडवावं? राक्षसांशी बोलणी, कोडी असं कोणी करून पाहिलंय का? मुलांना धाकधूकही वाटायला हवी, नाहीतर गोष्ट पचपचीत होते.