कवक हा शब्द कारखान्यात पाडलेला नाही
'कवक' (इंग्रजीत फंगस; बुरशी, अळंबी सगळ्यांना मिळून शास्त्रातलं नाव) हा पाठ्यपुस्तकवाल्यांनी पाडलेला शब्द आहे, असं कुणीतरी म्हटलंय. ते पटत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्य पदार्थांच्या यादीत लसूण, कांद्याला लागूनच 'कवकानि' आहे, आणि सहाव्यात वानप्रस्थाला वर्ज्य म्हणून 'भौमानि कवकानि', म्हणजे जमिनीतून उगवणारी. तिथे अर्थ सरळ अळंबी. (पाचव्यातच पुढे 'छत्राक'ही येतं, आपल्या भूछत्राचं भावंड.) परिभाषावाल्यांनी शब्द जुनाच घेतला, फक्त त्याचं पोट वाढवलं आणि पावावरची बुरशी, यीस्ट सगळं त्यात कोंबलं. लॅटिन 'फंगस'चंही तेच झालं, तोही आधी अळंबीचाच शब्द.

बोलताना मात्र आपण बुरशी आणि अळंबी ही दोन्ही एका घरात राहू देत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत तेल खाली गेलं की फोडींवर पांढरी लव दिसायची आणि आजी म्हणायची, "बुरा आला गो." तोच बुरा, बुरसणं, बुरशी, आणि विचार 'बुरसटलेले' असतात तेही तिथलेच. त्याच आठवड्यात वारुळावरची अळंबी आली की तिच्यासाठी नारळ फुटायचा. अंगणातल्या, खायच्या नाहीत त्या 'कुत्र्याच्या छत्र्या'. अळंबीला कुणी बुरशी म्हटलं असतं तर आजीने ताट उचलून घेतलं असतं.