‘मंद प्रकाश’ म्हणजे कमी उजेड की हळू उजेड?

खाडीकाठ (रत्नागिरी): नववीच्या मुलांसाठी टिपण लिहितोय, काचेच्या फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग कमी करण्यावर. ‘स्लो लाइट’ला ‘मंद प्रकाश’ लिहिलं, तर बायको म्हणाली, बल्ब बदला. खरंच आहे तिचं. मंद दिवा म्हणजे मिणमिणता दिवा. दुसरं काही सुचतंय?

जेटीवरचा (दाभोळ): ‘संथ’? खाडी संथ असते तसा.

खाडीकाठ: फायबरमध्ये प्रकाश एरवी सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. २००५ साली स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला, तो ७१,०००वर आणला. ७१,०००ला संथ म्हणायला जीभ रेटत नाही!

आक्का (मालवण): आधी हे ठरवा, हळू होतं कोण? प्रकाश नव्हे, स्पंद. स्पंद म्हणजे जवळजवळच्या वारंवारतांच्या लाटांचा पुंजका. समोरच्या टोकाकडून दुसरा लेसर सोडतात, त्यानं काचेत ध्वनिलहर उठते. त्यामुळे वारंवारतांच्या एका अरुंद पट्ट्यात अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती हळू करते तो आकडा, वारंवारतेगणिक भराभर बदलतो आणि पुंजका मागे पडतो. दुसऱ्या लेसरचा जोर वाढवला की आणखी मागे. शब्द स्पंदाला चिकटवा, प्रकाशाला नको.

जेटीवरचा: आक्का, पुंजका तारकांचा. लाटांचा घोळका! धोपाव्याची फेरीबोट गेली की खाडीत घोळका काठाकडे निघतो. त्यातल्या एकाच लाटेवर नजर ठेवा. ती मागच्या कडेला उठते, घोळक्यातून पुढे पळते आणि पुढच्या कडेला विरते. लाटेचा वेग निराळा, घोळक्याचा निराळा. पुस्तकात त्याला समूहवेग म्हणतात, पण काठावर बसल्याशिवाय तो कळत नाही.

आक्का: घोळका मान्य. मग ‘विलंबित स्पंद’ घ्या, विलंबित लयीतला.

खाडीकाठ: ‘गाडी विलंबाने धावत आहे’ ऐकून कान किटलेत हो. उशिरा सुटलेली गाडी पुढे सुसाटही सुटते. उशीर आणि हळू एक नव्हे.

आक्का: गाडीचं नसेल. इथे फायबरची लांबी ठरलेली, स्पंद आत शिरायची वेळही ठरलेली. जितका हळू, तितकाच उशीर. आणि हवा असतो तो उशीरच: दोन स्पंद एका वेळी पोचायचे असतील तर एकाला थोडं अडवून धरायचं.

खाडीकाठ: पटलं, ‘विलंबित स्पंद’ लिहिलं. आज नाक्यावर फायबर जोडायला आलेल्या पोरालाही विचारलं. डोकं वर न काढता म्हणाला, “काका, डिले म्हणा की.”