दूधगंगेच्या पूर-मॉडेलमध्ये आमची मळी बुडतच नाही

प्रश्न (मळीकाठ, सदलगा)
नमस्कार. मी सदलग्याचा, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टला आमचीच दूधगंगा घेतलीय, गावापासून खाली कृष्णेपर्यंत. हेक-रास या पुराच्या सॉफ्टवेअरमध्ये टू-डी मॉडेल, जमिनीसाठी कोपर्निकसचा 30 मीटरचा डीईएम, म्हणजे उपग्रहावरून केलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा. 2019 चा पूर चालवून बघतोय. त्या ऑगस्टात मळीतला, म्हणजे नदीकाठच्या रानातला ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात होता. घराच्या भिंतीवर खिडकीखाली गाळाची रेघ अजून आहे, आईनं रंग देताना तेवढी जागा मुद्दाम सोडली. मॉडेलमध्ये मात्र तीच मळी कोरडी. चारी बाजूंनी पाणी आणि मधे चौकोनी बेट. विसर्ग वाढवला, मॅनिंगचा एन (जमिनीच्या खडबडीतपणाचा आकडा) वाढवला, बेट हलत नाही. चूक कुठं शोधू?

उत्तर (निपाणीकर)
एन आणि विसर्ग आहे तिथं ठेवा. बेट चौकोनी आहे म्हणता, तिथंच उत्तर आहे. नदी चौकोनी गाळ टाकत नाही, चौकोन माणसाच्या बांधाचा असतो. हेक-रासच्या नकाशाच्या खिडकीत, रास मॅपरमध्ये, गावापासून नदीपर्यंत प्रोफाइल लाइन ओढा, म्हणजे त्या रेषेवर जमिनीचा चढउतार दिसेल. मळीत जमीन एकदम दोन-तीन मीटर पायरी चढली तर तो ऊस समजा. हा डीईएम 2011 ते 2015 मधल्या रडार मोजणीवरून झालाय. ते रडार उभ्या फडाच्या वरच्या अंगावरूनच परत फिरतं, मातीपर्यंत पोचत नाही. शेजारचा फड तुटलेला असेल तर तो खाली दिसतो. वरनं डीईएमचा एक खाना, 30 बाय 30 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, म्हणजे कित्येकांचं अख्खं रान एका आकड्यात.

दुसरं, नदीचं पात्र. रडारला पाण्याखालचं दिसत नाही. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातले की पाणी तुंबून उभं असतं, आणि डीईएम त्या पाण्यालाच तळ समजतो. पात्र उथळ झालं की पूर लवकर बाहेर पडतो, आणि तुमची दुसरी चूक झाकली जाते. उन्हाळ्यात बरगे काढल्यावर आडवे छेद मोजा, मग मॉडेलमधली जमीन बदलायच्या सोयीत, टेरेन मॉडिफिकेशनमध्ये, चॅनल म्हणून कोरा.

पुलांकडंही बघा. निपाणीजवळ यमगर्णीला 2019 आणि 2021 ला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. तिथं काम करताना डीईएममध्ये पूल नदीवर आडवा भराव होऊन बसलेला, आणि खरा भराव 30 मीटरच्या खान्यात पसरून बुटका झालेला. पूल कापला, भरावाची उंची लेव्हल लावून घेतली, वरनं ब्रेकलाइन टाकली, म्हणजे मॉडेलची जाळी भरावाच्या माथ्याला धरून बसवली, तेव्हा कुठं पाणी शहाण्यासारखं वागलं.

उत्तर (चिकोडीचा सर्व्हेवाला)
घरावरच्या रेघेची उंची डीजीपीएसनं, म्हणजे उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्रानं, घेणार असाल तर सांभाळा. यंत्र जी उंची देतं ती इलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा सत्तरेक मीटर कमी येते. इस्रोच्या भुवन साइटवरचा कार्टोडीईएमही इलिप्सॉइडवरचाच, कोपर्निकस मात्र समुद्रसपाटीवरचा. तो कोपर्निकसला तसाच जोडला तर जोडावर कडा तयार होतो. एका साहेबांनी तो कडा धबधबा म्हणून अहवालात दाखवलेला मी बघितलाय.

मळीकाठ
प्रोफाइल ओढली. बांधावर 2.6 मीटरची पायरी. तो काकांचा आडसाली उसाचा तुकडा. रविवारी कॉलेजची डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणली, वडिलांनी स्टाफ, म्हणजे मोजायची उभी पट्टी, धरली. पाणंदीपासून मळीत जमीन चढत नाही, उलट हातभर उतरते. कोपर्निकसवरूनच दुरुस्त केलेला फॅबडेम वापरला तर चालेल का?

निपाणीकर
त्यात झाडं आणि इमारती काढल्यात, उसासाठी तो केलेला नाही. मळीपुरते लेव्हलचे आकडे घालून टेरेन दुरुस्त करा. वडिलांना घेऊन अजून दोन फेऱ्या मारा, ओढ्याच्या तोंडाशी नक्की. पाणी पहिल्यांदा आत येतं ते तिथनं.

मळीकाठ
ओढ्याच्या तोंडाचंच वडील म्हणत होते. शनिवारी जातो.