जोड उकलला तर दोष गोंदाचा नसतो भाऊ

एका भाऊनं फळ्या जोडून केलेलं सागवानाचं ताट जोडावर उकललं अन् त्यांनी गोंदाला दोष दिला, त्यांच्यासाठी लिहायलो. तुम्ही फळ्या पावसाळ्यात आणल्या अन् लगेच फेविकॉल लावून जोडल्या, मग आपल्याकडं एप्रिलात ४० च्या वर पारा गेल्यावर लाकूड आडवं आकसणारच की, लांबीत ते जवळपास आकसत नाही, आडवंच आकसतं. म्हणून फळ्या महिनाभर घरात उभ्या करून ठेवा, आणि जोडताना लाकडाच्या रेषा सगळ्या एकाच दिशेला, मधे डिझाईन म्हणून आडवी पट्टी बिलकुल टाकू नका (मी टाकली होती, बाभळीची, लई भारी दिसली, उन्हाळ्यात तडकली).

रंधा मारल्यावर दोन कडा एकमेकीवर ठेवून उजेडाकडं धरा, फट दिसली तर परत रंधा. क्लॅम्प (फळ्या दाबून धरायचा शिकंजा) आवळून फट बुजवली की तो ताण जोडात तसाच राहतो. सागवान तेलकट असतं, गोंद लावायच्या आधी थिनरनं पुसा. मग २४ तास हात लावायचा नाही.

अन् लेथवर (लाकूड गरगर फिरवून गोल कोरायचं यंत्र) घाई नको. १२ इंची ताट १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) फिरवलं तर कड ताशी ५७ किलोमीटरनं पळते, जोड सुटला तर तुकडा सरळ तोंडावर. ५०० च्या आसपास सुरू करा, बाजूला उभं रहा, तोंडावर शील्ड पाहिजेच.

तयार ताटाला शेंगदाण्याचं तेल लावू नका, खवट होतं. घाण्याचं कच्चं जवस तेल पातळ चोळा, वाळायला काही आठवडे लागतात तेवढं सांभाळा.