क्वेस्ट ३ की ३एस? (सोसायटी ग्रुपवरून)

ए-४०२ (काकू): नमस्कार मंडळी. भाचा डॅलसहून दिवाळीला येतोय. आमच्या चिरंजीवांना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आत पडदा असलेला चष्मा) हवाय, टेबल टेनिस खेळायला. आजोबांनाही त्यात ३६० अंशांतले केदारनाथचे व्हिडिओ बघायचेत. भाचा म्हणतो मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस आणतो, क्वेस्ट ३ महाग पडतो. दोघांनाही चष्मा आहे. कुणी वापरलाय का?

बी-३०५: काकू, डोळे झाकून क्वेस्ट ३ घ्या. प्रोसेसर दोन्हींत तोच, पण भिंगं वेगळी.

सी-१०३: आमच्या ऑफिसात ट्रेनिंगसाठी दोन्ही आहेत. ३एसचं रिझोल्यूशन प्रत्येक डोळ्याला १८३२ × १९२० पिक्सेल (चित्राचे ठिपके), म्हणजे २०२० च्या क्वेस्ट २ इतकंच. ३ चं २०६४ × २२०८. पण खरा फरक भिंगांत. ३एसमध्ये फ्रेनेल भिंग, त्यावर गोल गोल चरे असतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती उजेडाच्या रेघा फुटतात आणि कडेला सगळं पुसट. मेनू वाचायलाही मान वळवावी लागते. ३ मध्ये पॅनकेक भिंग आहे, त्यात नुसते डोळे फिरवले तरी कडेपर्यंत वाचता येतं.

ए-१०१ (काका): एवढे पैसे घालून डोळे बिघडवून घ्यायचे! टीव्ही काय वाईट आहे?

बी-२०१ (चष्मेवाले काका): सरसकट तसं म्हणू नका हो. लहान मुलांना देऊ नये हे मात्र खरं. मेटाची अट किमान १० वर्षांची आहे, सोनीच्या हेडसेटला १२. काकू, मुलगा केवढा? आणि आजोबांचा नंबर कसला?

ए-४०२ (काकू): मुलगा १४ चा. आजोबांचा प्रोग्रेसिव्ह आहे, लांबचा-जवळचा एकाच काचेत.

बी-२०१ (चष्मेवाले काका): मग प्रोग्रेसिव्ह घालून नको. पडदा डोळ्याजवळ असला तरी भिंगामुळे चित्र मीटर-दीड मीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे वाचायच्या नंबरचा उपयोग नाही. काचेच्या खालच्या भागातून बघितलं की धूसर दिसणार. कपाटात नुसत्या लांबच्या नंबरचा जुना चष्मा पडलेला असेल तर तो द्या. फ्रेम छोटी हवी. मोठी चौकोनी फ्रेम आत अडकते, काच भिंगाला घासली की दोन्हीकडे चरे.

बी-४०१ (ताई): मला मॉलमध्ये एकदा रोलर कोस्टर दाखवला होता, पाच मिनिटांत मळमळायला लागलं. घाटात गाडी लागते तसंच. आजोबांना जपून.

सी-१०३: बरोबर ताई. डोळे सांगतात हललो, आतला कान सांगतो बसून आहोत. आजोबांना खुर्चीत बसवा आणि कॅमेरा एका जागी ठेवून काढलेलेच व्हिडिओ लावा. हेलिकॉप्टरमधून काढलेले नकोत. आणि काकू, त्या व्हिडिओंसाठी ३ ची गरज नाही. ४के व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल, ते पूर्ण ३६० अंशांवर पसरले की एका अंशाला जेमतेम ११ उरतात. ३एस २० दाखवू शकतो, क्वेस्ट ३ तर २५. म्हणजे व्हिडिओच कमी पडतो, मंदिर दोन्हींत सारखंच धुरकट दिसणार. दुप्पट आडव्या पिक्सेलचा ८के मिळाला तर गोष्ट वेगळी.

बी-३०५: अहो दादा, आत्ता तर तुम्ही ३ च्या बाजूने होतात 😄

सी-१०३: वाचायचं असेल तर आहेच. टेबल टेनिसमध्ये कोण वाचत बसलंय?

ए-३०३: ॲपलचा व्हिजन प्रो आणा की 😎

सी-१०३: चित्र अप्रतिम. पण २०२४ ला आला तेव्हा ३,४९९ डॉलर. बॅटरी वायर लावून खिशात ठेवायची, तरी डोक्यावर ६०० ग्रॅमच्या वर. वर आत चष्मा चालत नाही, नंबरची भिंगं वेगळी घ्यायची. आधी भाच्याच्या बायकोला विचारा.

सेक्रेटरी: सूचना: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी येणार नाही. चर्चा चालू द्या.

बी-३०५: आरामाचं म्हणाल तर माझा सोनीचा पीएस व्हीआर २ भारी. ५६० ग्रॅम आहे, पण भार कपाळावरच्या कड्यावर येतो, गाल मोकळे. मात्र त्याला पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल) किंवा ॲडॉप्टर लावून कॉम्प्युटर लागतो आणि वायर पायात येते.

सी-१०३: क्वेस्ट ३ चं वजन ५१५ आणि ३एसचं ५१४, म्हणजे सारखंच. पण ३ पातळ आहे, भार चेहऱ्याला लागून राहतो, म्हणून नाकावर ओढ कमी. कापडी पट्टा दोन्हींचा भिकार. घालताना मागचा भाग डोक्याच्या फुगवट्याखाली बसवायचा, मग वरचा पट्टा आवळायचा, बाजूचे सगळ्यात शेवटी आणि सैलसर. लोक नेमके बाजूचे करकचून आवळतात आणि गालावर वळ घेऊन उठतात. मागे चाक असलेला कडक पट्टा वेगळा मागवा. घामासाठी सिलिकॉनचं कव्हरही, मुलगा खेळून ओलाचिंब होणार.

ए-४०२ (काकू): म्हणजे ३एस आणि चांगला पट्टा? तेवढ्यात भागेल म्हणतोय भाचा.

बी-२०१ (चष्मेवाले काका): थांबा, एक राहिलं. दोन बुबुळांतलं अंतर. ३एसमध्ये भिंगांना तीनच खाचा: ५८, ६३, ६८ मिलिमीटर. ३ मध्ये चाक आहे, ५८ ते ७१ मध्ये कुठेही थांबवा. अंतर जुळलं नाही तर कितीही पिक्सेल असोत, चित्र स्वच्छ दिसत नाही आणि डोकं दुखतं. संध्याकाळी दोघांना दुकानात पाठवा, मोजून देतो. पैसे नकोत.

ए-४०२ (काकू): आत्ताच मोजून आले दोघं. मुलाचं ६५.५, आजोबांचं ६०.५.

बी-२०१ (चष्मेवाले काका): दोघंही बरोब्बर खाचांच्या मध्ये. घरात एकच हेडसेट आणि आलटून पालटून वापरणार, तर चाकवाला घ्या.

बी-३०५: मी पहिल्यापासून काय सांगत होतो!

सी-१०३: कारण वेगळं होतं रे तुझं. काकू, काय घेताय?

ए-४०२ (काकू): ३ सांगितला भाच्याला. पट्टा आणि कव्हर सासऱ्यांच्या पेन्शनमधून, ते स्वतःच म्हणाले.

सी-१०३: मस्त. बाल्कनीच्या खिडकीत मात्र ठेवू देऊ नका. भिंगांतून ऊन आत गेलं तर पडद्यावर कायमचे डाग पडतात.

ए-१०१ (काका): सेक्रेटरीसाहेब, टाकी तिन्ही विंगची की फक्त बी?