आबांच्या आठवणी लिहितोय, बंदुकांचं काय करू?

एमवीसचा_नातू:
मंडळी, थोडा सल्ला हवाय. आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, काही महिन्यांपूर्वी गेले. घरच्यांसाठी त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आबांना दोन वेडं होती, जुन्या मोटारसायकली आणि जुन्या बंदुका. गाड्यांबद्दल लिहायला सगळे राजी आहेत. बंदुकांचं नाव काढलं की मामा म्हणतो, "ते राहू दे रे, वाचणाऱ्याला भलतंच वाटेल." पण बंदुका वगळल्या तर जे उरतील ते आमचे आबा नव्हेत.

त्यांची गाडी बीएसए एम२०. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, दुसऱ्या महायुद्धात लष्करात राबलेलं मॉडेल. ती घाई करणाऱ्याला दाद देत नाही. आबा आधी पेट्रोलचा कॉक उघडायचे, मग बोटाला पेट्रोल ओलं लागेपर्यंत कार्बोरेटरवरची टिकली दाबायचे. हँडलवरच्या लिव्हरने स्पार्क मागे घ्यायचे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडते. किक हळू दाबत न्यायची, पायाला कॉम्प्रेशन लागलं की थांबायचं, व्हॉल्व्ह लिफ्टर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर, ओढून किक एवढीशी पुढे सरकवायची, लिफ्टर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच दणका. मला शिकवताना म्हणायचे, "पायाला विचार, तो सांगेल." निघायला कितीही उशीर झालेला असो, यातली एकही पायरी त्यांनी गाळलेली मी पाहिली नाही.

बंदुकांचंही तसंच. सगळ्यांचे परवाने, लोखंडी कपाट, किल्ली कायम त्यांच्याकडे. त्यात एक ठासणीची बंदूक होती. ती हातात घेतली की पहिल्यांदा गज, म्हणजे बार ठासायची लांब कांडी, नळीत सोडायचे. गजाला काळ्या दोऱ्याची खूण बांधलेली. खूण नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, वर राहिली तर आत काहीतरी आहे, बार भरलेला असू शकतो. बंदूक स्वतःची, काल स्वतःच पुसून ठेवलेली, तरी गज सोडायचेच. तोवर आम्हा पोरांनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. रेंजवर चालवून आणली की तिच्या नळीत किटलीभर कढत पाणी ओतायचे. बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी हवेतली ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून. पाणी इतकं कढत की नळी तापून आपली आपणच कोरडी व्हावी. मग तेलाचा बोळा.

बंदुका आता रीतसर कळवून जमा केल्यात, त्यामुळे कायद्याचं नको, लिहिण्याचं सांगा. आणि ही दोन वेडं एकाच माणसात कशी, हेही मला नीट मांडता येत नाहीये.

गिअरबॉक्स:
आबांना नमस्कार. एम२० राखणारा माणूस म्हणजे धीराचा माणूस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाडीवरच आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये तिथल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. लष्कराच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा कारखाना चालू ठेवायला ते सायकलींकडे वळले आणि १९१० मध्ये मोटारसायकलींकडे. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे त्यांचं चिन्ह. इंजिनाचं कव्हर पुसून बघ.

आणि ही एकटी नाही. स्वीडनची हुस्कवार्ना १६८९ पासून मस्केट, म्हणजे लांब नळीच्या जुन्या बंदुका, बनवायची, मोटारसायकली १९०३ पासून. बेल्जियमची एफएन मुळात रायफलींसाठी १८८९ मध्ये निघाली आणि १९०५ मध्ये तिने चार सिलिंडरची मोटारसायकल आणली. जावा मोटारसायकलींचा संस्थापक यानेचेक शस्त्रं बनवणाराच. रॉयल एनफिल्डचं तर ब्रीदच 'मेड लाइक अ गन', म्हणजे बंदुकीसारखी घडवलेली. नळी सरळ कोरायची, भाग असे घडवायचे की एकाचा दुसऱ्याला चपखल बसावा, हे ज्याला जमतं त्याला सिलिंडरही जमतो. आबांना तीच कारागिरी आवडत असणार. माझ्या मते हे एकच वेड आहे, दोन नाहीत.

मीनल_वाचते:
मला तुमच्या मामांचंही पटतं. बंदुकीमुळे ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय असं कुणी ही पुस्तिका हातात घेऊ शकतं. म्हणून वगळू नका, पण मुखपृष्ठावर आबांचा बंदूक धरलेला फोटो नको. 'संग्रह', 'दुर्मीळ', 'शौक' असलं मोठं काही लिहू नका. इथे लिहिलंय तसंच लिहा. गज आणि काळा दोरा वाचून मला तुमचे आबा दिसले. शक्य असेल तर किक आणि गज एकाच प्रकरणात घ्या. वेगळं 'बंदुका' प्रकरण केलंत की लोक नेमकं तेच उघडतील.

जुनी_नळी:
जमा केल्यात हे उत्तम. पण परवानगी काढून एकदा त्यांची नोंद करून घ्या, नंतर त्या कुठे जातील सांगता येत नाही. नळीच्या खालच्या अंगाला बारीक शिक्के असतात, प्रूफ मार्क. नळी जास्तीचा बार भरून तपासली गेली, याचा तो पुरावा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करतंय. शिक्क्यांवरून कुठली, साधारण कधीची, हे बरंच कळतं. तिरका उजेड पाडून फोटो घ्या. आणि कुणी सांगितलं तरी पॉलिश करू देऊ नका. शंभर वर्षांचा तपकिरी रंग एका दुपारी जातो, शिक्केही पुसट होतात.

आबांची वही, पावत्या काही आहे का? संग्राहक सहसा लिहून ठेवतात.

एमवीसचा_नातू:
गिअरबॉक्स, कव्हर पुसलं. तीन रायफली आहेत! इतकी वर्षं तेलाच्या थराखाली होत्या. आईला दाखवल्या तर ती म्हणाली, आबांची पहिली वस्तू म्हणजे बीएसएची हवेची बंदूक, तिच्यावरही हेच चिन्ह होतं, आणि गाडी त्यांनी ते चिन्ह बघूनच घेतली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मीनलताई, तुमचं म्हणणं मामाला वाचून दाखवलं. एकच प्रकरण करायला तो तयार आहे, आणि गजाचा भाग त्यालाच लिहायचाय, कारण लहानपणी उंबऱ्याबाहेर सगळ्यात जास्त तोच उभा राहिलाय. मी किकचं लिहितो.

जुनी नळी, वही सापडली. दर बंदुकीला एक पान, शिक्के पेन्सिलीने काढलेले, पण खाली खुलासा नाही. मुकुट आणि त्याखाली अक्षरं असं बऱ्याच पानांवर आहे. फोटो काढून इथेच टाकतो, वाचता आले तर सांगाल का?